विश्लेषण : समाजावर उपहासाचा आसूड ओढणारा दिग्दर्शक ‘ऑतर’ ठरतो का?

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ या २०१३ सालच्या हिंदी चित्रपटाची ‘अंबिकापती’ ही तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा तिचा शेवट बदललेला होता. मूळ चित्रपटात मरण पावणारा नायक कुंदन या आवृत्तीत कृत्रिम प्रज्ञेच्या साहाय्याने जिवंत करण्यात आला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. निर्मिती कंपनी इरॉसने मात्र चित्रपटाचे हक्क आपल्याकडे असल्याने बदलाचा अधिकारही आपलाच, अशी भूमिका घेतली. ‘रांझणा’ ही प्रेमकथा आहे, उपहासपट नाही. पण या घटनेने जुना प्रश्न नव्याने उभा केला. चित्रपट नेमका कोणाचा?

सामाजिक विषयांवर उपहासाने बोलणाऱ्या चित्रपटांबाबत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण अशा चित्रपटांची धार अनेकदा शेवटच्या दोन-चार मिनिटांत असते. तो शेवट हरवला तर उरतो केवळ विनोद. प्रेक्षक आणि समीक्षक अशा दिग्दर्शकाला चटकन ‘ऑतर’ म्हणून मोकळे होतात. व्यवस्थेची खिल्ली उडवली म्हणजे स्वतंत्र दृष्टी आली, असे त्यामागचे गृहीतक. ते कितपत खरे आहे?

‘ऑतर’ म्हणजे नेमके काय?

‘ऑतर’ हा फ्रेंच शब्द. त्याचा साधा अर्थ लेखक किंवा कर्ता. कादंबरीवर जसा कादंबरीकाराचा ठसा असतो, तसा चित्रपटावर दिग्दर्शकाचा असावा, अशी ही कल्पना. अलेक्झांडर आस्त्रुक यांनी १९४८ मध्ये कॅमेऱ्याला लेखणीची उपमा दिली. जानेवारी १९५४ मध्ये फ्रान्सुआ त्रुफो या तरुण समीक्षकाने ‘काहिए द्यु सिनेमा’ या नियतकालिकात एक घणाघाती लेख लिहिला आणि वादाला तोंड फुटले. त्रुफो पुढे स्वतः दिग्दर्शक झाले.

अमेरिकी समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६२ मध्ये या कल्पनेला ‘ऑतर थिअरी’ असे नाव देऊन तीन वर्तुळांची कसोटी मांडली. बाहेरचे वर्तुळ तांत्रिक हुकमतीचे. त्याच्या आतले ओळखू येणाऱ्या शैलीचे, म्हणजे श्रेयनामावली न पाहताही हा चित्रपट अमक्याचा आहे, हे कळले पाहिजे. सर्वांत आतले वर्तुळ आंतरिक अर्थाचे. दिग्दर्शकाचे व्यक्तिमत्त्व आणि त्याच्या वाट्याला आलेली सामग्री यांच्या झटापटीतून जे निर्माण होते, ते येथे अपेक्षित आहे. चित्रपटाचा विषय सामाजिक असावा की नसावा, याबद्दल या तीन वर्तुळांत काहीच म्हटलेले नाही.

सामाजिक विषयाशी त्याचा संबंध कसा जोडला गेला?

गंमत अशी, की ही कल्पना जन्मली तीच विषयाच्या मोठेपणावर विसंबणाऱ्या चित्रपटांना विरोध म्हणून. त्रुफो यांचा रोख त्या काळच्या प्रतिष्ठित फ्रेंच चित्रपटांवर होता. नावाजलेल्या साहित्यकृती घ्यायच्या, त्यांत धर्मसंस्थेला, लष्कराला, मध्यमवर्गाला चार टोले पेरायचे आणि धाडसाचे श्रेय घ्यायचे, असा त्यांचा आक्षेप होता. असे चित्रपट मुळात पटकथाकारांचे असतात, दिग्दर्शक त्यांत फक्त चित्रे भरतो, असे ते म्हणत. मध्यमवर्गाने मध्यमवर्गासाठी काढलेल्या मध्यमवर्गविरोधी चित्रपटाला किंमत ती काय, हा त्यांचा सवाल आजच्या अनेक उपहासपटांनाही विचारता येईल.

याउलट ‘काहिए’च्या समीक्षकांनी ज्यांना डोक्यावर घेतले ते आल्फ्रेड हिचकॉक आणि हॉवर्ड हॉक्स रहस्यपट, विनोदी चित्रपट किंवा वेस्टर्न करणारे होते. त्यांच्याकडे सामाजिक प्रश्नांची यादी नव्हती, पण पडद्यावरची प्रत्येक चौकट त्यांची होती.

सामाजिक उपहास आणि ‘ऑतर’ ही जोडी नंतर जमली. भारतात तर विशेष. बहुतांश व्यावसायिक चित्रपट नायकाच्या नावाने ओळखले जात असताना एखादा चित्रपट भ्रष्टाचार, जात, शेती किंवा शिक्षणाबद्दल बोलू लागला की त्यामागे कोणीतरी विचार करणारा माणूस आहे, हे प्रेक्षकाला जाणवते. जाणवलेला तो माणूस म्हणजे दिग्दर्शक, असे आपण धरून चालतो. घोळ येथेच सुरू होतो.

शब्दांतला उपहास कोणाचा?

मराठीतील राजकीय चित्रपटांचा विषय निघाला की जब्बार पटेल यांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे चित्रपट आठवतात. ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. सहकारसम्राट हिंदुराव आणि त्याला एका माणसाच्या गायब होण्याबद्दल छेडत राहणारा दारुडा मास्तर यांच्या जुगलबंदीत जो तिरकसपणा आहे, तो विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आला. १९७९ च्या ‘सिंहासन’ची मुळे अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांत आहेत आणि त्याची पटकथाही तेंडुलकरांचीच.

आता ‘ऑतर’ची कसोटी तेंडुलकरांना लावून पाहू. ‘निशांत’ श्याम बेनेगलांचा, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ गोविंद निहलानींचे. दिग्दर्शक वेगवेगळे, शैली वेगवेगळ्या. पण सत्ता माणसाला कशी पोखरते आणि पोखरलेला माणूस शेवटी काय करतो, हा धागा या सर्व पटकथांतून वाहतो. म्हणजे आशयाची सलगता हाच निकष असेल तर येथे ‘कर्ता’ म्हणून तेंडुलकरांचे नाव पुढे येते. जब्बार पटेल यांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. नीळू फुले आणि श्रीराम लागू यांना एकाच चौकटीत समोरासमोर बसवून शब्दांना वजन मिळवून देणे, हे दिग्दर्शकाचेच काम. पण ‘उपहास केला, म्हणून ऑतर’ हे समीकरण येथे सरळ बसत नाही.

‘देऊळ’बाबतही हेच म्हणता येईल. २०११ च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘ब्यारी’ या चित्रपटासह विभागून मिळाला. गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाबरोबरच संवादांसाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. केशाला दत्त दिसतो आणि गावात देवस्थानाचे अर्थकारण उभे राहते. यातील हसू मुख्यतः बोलीतून, पुढाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या शब्दांतून फुटते. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांचा हात ओळखायचा तर ‘देऊळ’च्या शेजारी त्यांचा ‘विहीर’ ठेवावा लागतो. त्यात उपहास नाही. एका मुलाला झालेली मृत्यूची ओळख आहे. दोन्हींत दिसतो तो गावाकडे थोड्या अंतरावरून, घाई न करता पाहणारा कॅमेरा. ती खूण उमेश कुलकर्णी यांची, आणि ती विनोदात नाही.

धाडस आणि दृष्टी एकच का?

उपहासपट काढायला धाडस लागते, त्यामुळे धाडसाचे गुण ‘ऑतर’पणाच्या खात्यात जमा होतात. ‘किस्सा कुर्सी का’ हे या गल्लतीचे ठळक उदाहरण. काँग्रेसचे तत्कालीन खासदार अमृत नाहटा यांनी सत्तेच्या खेळावर काढलेला हा चित्रपट १९७५ मध्ये सेन्सॉरकडे गेला आणि आणीबाणीत त्याच्या प्रती व निगेटिव्ह जप्त करून जाळण्यात आल्या. नाहटा यांनी तो नव्याने चित्रित केला आणि १९७८ मध्ये प्रदर्शित केला. भारतीय चित्रपटात उपहासाची याहून मोठी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल. तरीही चित्रपटभाषेच्या चर्चेत नाहटा यांचे नाव येत नाही. त्या चित्रपटाचे स्थान राजकीय इतिहासात आहे.

दुसरे उदाहरण अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’चे. २०१० मधील हा चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होता. नत्था नावाचा शेतकरी आत्महत्या करणार, ही बातमी कळताच गावात वाहिन्यांच्या गाड्यांची जत्रा भरते. शेवटी तो शहरातील एका बांधकामावर धुळीने माखलेला मजूर होऊन बसलेला दिसतो आणि हसणारा प्रेक्षक गप्प होतो. येथे उपहासही आहे आणि दृष्टीही. पण ‘ऑतर’ ठरवण्यासाठी सलग काही चित्रपटांतून उमटणारा ठसा लागतो आणि रिझवी यांचा दुसरा चित्रपट त्यानंतर बराच काळ आला नाही. या सिद्धांताचा एक अन्याय येथे दिसतो. ठसा उमटवायला संधी लागते आणि संधी सर्वांना सारखी मिळत नाही. ज्याला पाच-सहा चित्रपट करायला मिळतात, त्याच्याच शैलीचा अभ्यास होतो.

राजकुमार हिरानी या कसोटीवर कुठे बसतात?

सामाजिक उपहास आणि तिकीटबारी यांचा मेळ घालणारे सर्वांत यशस्वी हिंदी दिग्दर्शक म्हणजे मूळचे नागपूरचे राजकुमार हिरानी. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) मध्ये वैद्यकीय शिक्षण, ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मध्ये गांधी विसरलेला समाज, ‘थ्री इडियट्स’ (२००९) मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय, ‘पीके’ (२०१४) मध्ये धर्माचा बाजार. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेले हिरानी आपल्या चित्रपटांचे संकलन स्वतः करतात आणि पटकथेतही त्यांचा वाटा असतो. ‘लगे रहो’पासून अभिजात जोशी हे त्यांचे सहलेखक आहेत.

ठसा शोधायला येथे कष्ट पडत नाहीत. एक भाबडा, पण हुशार उपरा माणूस एखाद्या संस्थेत शिरतो, सगळ्यांनी गृहीत धरलेल्या गोष्टीला ‘का?’ विचारतो, एखादा सोपा मंत्र देतो आणि जाताना सगळ्यांना थोडे बदलून जातो. ‘गांधीगिरी’सारखा शब्द तर चित्रपटातून उठून थेट बातम्यांच्या मथळ्यांत आला. सॅरिस यांचे दुसरे वर्तुळ हिरानी निःसंशय पार करतात.

प्रश्न तिसऱ्या वर्तुळाचा आहे. हिरानी यांच्या चित्रपटांत व्यवस्थेची चूक अखेरीस एका माणसाच्या स्वभावात येऊन सामावते आणि त्या माणसाचे मन पालटते. ‘व्हायरस’ आपले जपून ठेवलेले पेन रँचोला देतो. लकी सिंग सुधारतो. महाविद्यालय मात्र होते तसेच राहते. प्रस्तुत लेखकाच्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहात ‘थ्री इडियट्स’ जवळपास प्रत्येक सत्राला कुणाच्या तरी लॅपटॉपवर लागायचा. सगळे पोट धरून हसायचे, एक-दोघांचे डोळे भरून यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुले मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करायला बसायची. चित्रपटाने त्यांना दिलासा दिला होता. अस्वस्थ केले नव्हते.

‘संजू’ (२०१८) मध्ये हे अधिक स्पष्ट झाले. विषय मित्राच्या आयुष्याचा होता. साचा तोच राहिला, फक्त टोले खाण्याची पाळी वृत्तपत्रांवर आली. नायकाला पाठीशी घातल्याची टीका या चित्रपटावर झाली. म्हणजे हिरानी यांची सही कायम आहे, पण ती उपहासाची नाही. ती समेटाची आहे. त्यांना ‘ऑतर’ म्हणायला हरकत नाही. मात्र त्याचे कारण त्यांनी निवडलेल्या सामाजिक विषयांत सापडत नाही. दुरावलेली माणसे शेवटी एकमेकांच्या गळ्यात पडतात, हा त्यांचा ठाम विश्वास प्रत्येक चित्रपटात उतरतो, हे ते कारण.

मग उपहासातच दिग्दर्शकाची सही असते ती कशी?

‘फँड्री’मधील एक प्रसंग पाहा. कचरू मानेचे कुटुंब सगळ्या गावासमोर डुकराच्या मागे धावत आहे. गावकरी मजा पाहत आहेत. अशात शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या आणि घरचे सगळे जिथल्या तिथे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर बांधून नेले जाते, तेव्हा मागच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे दिसतात. या प्रसंगांत कोणी टाळीचे वाक्य बोलत नाही. कागदावर लिहिले तर ते दोन ओळींत संपतील. त्यांतला उपहास उभा राहतो तो माणसे कुठे उभी आहेत, कॅमेरा कुठे आहे आणि किती वेळ थांबतो, यातून. हे निर्णय दिग्दर्शकाचे. नागराज मंजुळे यांना या चित्रपटासाठी पदार्पणातील दिग्दर्शकाचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) हेच वेगळ्या रीतीने घडते. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. खटला तारखांवर तारखा घेत सरकतो. बाहीविरहित पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका महिलेचे प्रकरण ऐकायला नकार देतात. कॅमेरा दूर, स्थिर आणि निर्विकार. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, दालन अंधारात बुडते आणि दृश्य तरीही संपत नाही. चित्रपट संपला असे वाटत असताना ताम्हाणे सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशाकडे वळतात. तो बाकावर डुलकी घेत असताना मुले ओरडून त्याला दचकवतात. तो एकाला थप्पड मारतो आणि पुन्हा डोळे मिटतो. कोणाचेही मनपरिवर्तन होत नाही. व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या या कलाकृतीतील उपहास कोणत्याही संवादातून उचलून दाखवता येत नाही.

विषय काढून घेतला तर काय उरते?

प्रयोगशाळेत एखाद्या घटकाचा परिणाम तपासायचा असेल तर बाकी सगळे तसेच ठेवून तेवढा घटक बदलतात. चित्रपटात असा प्रयोग सहसा करता येत नाही, पण काही वेळा तो आपोआप घडतो.

‘सैराट’चे हिंदी रूपांतर ‘धडक’ (२०१८) हा असाच एक प्रयोग. कथा तीच, दिग्दर्शक बदलला. शशांक खेतान यांच्या चित्रपटात जातीची धग मंदावली आणि शेवटही पालटला. नायिका जिवंत राहिली. ‘सैराट’च्या अखेरीस आवाज पूर्ण थांबतो आणि लहान मुलाची रक्ताने भरलेली पावले उंबऱ्याबाहेर जातात. ‘सैराट’ हा उपहासपट नव्हे. तरीही ‘फँड्री’ पाहिलेल्या माणसाला हा हात ओळखीचा वाटतो, कारण दोन्हीकडे शेवटचा घाव प्रेक्षकावरच आहे.

उलटा प्रयोग ताम्हाणे यांनी स्वतःच केला. दिग्दर्शक तोच, विषय बदलला. ‘द डिसायपल’ (२०२०) हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताबद्दल आहे. त्यात न्यायव्यवस्था नाही, जात किंवा राजद्रोहाचा प्रश्न नाही. तरीही दुरून पाहणारा कॅमेरा तोच, घाई नसलेला काळ तोच आणि एखाद्या परंपरेच्या आत राहून हळूहळू झिजणाऱ्या माणसाकडे पाहण्याची रीतही तीच. विषय काढून घेतला आणि दिग्दर्शक तरीही शिल्लक राहिला.

कुंदन शाह यांचेही तसेच. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर निघालेला ‘जाने भी दो यारों’ (१९८३) बिल्डर, महापालिका आणि वृत्तपत्रे यांच्या साटेलोट्याची यथेच्छ टिंगल करतो. त्याचे श्रेय सहलेखक सुधीर मिश्रा आणि संवाद लिहिणारे रणजित कपूर व सतीश कौशिक यांनाही आहे. पण शाह यांच्याच ‘कभी हाँ कभी ना’ (१९९४) मध्ये समाजावर टीका नसूनही एक गोष्ट कायम राहते. सरळ मनाचा, धडपडणारा आणि शेवटी हरणारा नायक, ज्याच्या हरण्याची त्याचा दिग्दर्शक चेष्टा करत नाही.

जागतिक पातळीवर दक्षिण कोरियाचे बाँग जून-हो हे जवळचे उदाहरण. ‘पॅरासाइट’ला (२०१९) कानमध्ये पाम द’ऑर आणि नंतर चार ऑस्कर मिळाले. वर्गभेदावरील भेदक उपहास म्हणून त्याची चर्चा झाली. पण ती दरी प्रेक्षकाला कळते ती जिने, उतार आणि तळघरांतून. ‘स्नोपिअर्सर’मध्ये (२०१३) हीच दरी आगगाडीच्या डब्यांतून मांडलेली आहे. त्याआधीचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) मालिका हत्यांच्या तपासाचा आहे आणि त्याच्या अखेरीस माजी पोलीस अधिकारी थेट कॅमेऱ्यात, म्हणजे प्रेक्षकाकडे पाहतो. ‘जाने भी दो यारों’चे कैद्याच्या वेशातले दोन मित्रही शेवटी प्रेक्षकाकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात आणि ‘फँड्री’च्या जब्याने भिरकावलेला दगडही कॅमेऱ्याच्याच दिशेने येतो. तीन देश-काळांतले हे तीन शेवट प्रेक्षकाला सुटू देत नाहीत.

‘ऑतर’ म्हणण्यात धोका कोणता?

अमेरिकी समीक्षक पॉलिन केल यांनी १९६३ मध्येच सॅरिस यांच्या कसोटीची झाडाझडती घेतली होती. एखादी गोष्ट लगेच ओळखू येते म्हणजे ती चांगली असते का, हा त्यांचा मुद्दा. दुर्गंधीही लगेच ओळखू येते. एकच साचा पुन:पुन्हा वापरणाऱ्या उपहासकारालाही हा प्रश्न विचारायला हवा. दर चित्रपटात नवा सामाजिक प्रश्न घेऊन तोच विनोद सांगणे ही सवय असू शकते.

दुसरा धोका श्रेयाचा. ‘ऑतर’ हा शब्द एका माणसाला सिंहासनावर बसवतो आणि पटकथाकार, छायाचित्रकार, संकलक यांना दरबारात उभे करतो. ‘थ्री इडियट्स’च्या वेळी कादंबरीकार चेतन भगत यांनी श्रेयनामावलीतील स्थानावरून जाहीर वाद घातला होता. उपहास हा लेखनाच्या अंगाने जाणारा प्रकार असल्याने या चित्रपटांत लेखक झाकला जाण्याची शक्यता जास्त.

कायद्याच्या दृष्टीने ‘कर्ता’ कोण?

समीक्षकांनी काहीही ठरवले तरी भारतीय कायद्याचे उत्तर तयार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘ऑथर’ निर्माता असतो. पटकथा लिहिणाऱ्याला त्याच्या लेखनाचा आणि संगीतकाराला त्याच्या रचनेचा कर्ता म्हणून स्थान आहे. संपूर्ण चित्रपटाचा कर्ता म्हणून दिग्दर्शकाचे नाव या व्याख्येत येतच नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्यासह सहकर्ता मानण्याची तरतूद होती. मात्र २०१२ मध्ये कायदा संमत झाला तेव्हा ती वगळलेली होती. त्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि लेखकांचे मानधनाचे हक्क बळकट केले. दिग्दर्शक होता तेथेच राहिला. कर्त्याला आपल्या कलाकृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेता येईल, अशी तरतूद याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. पण कायद्याच्या लेखी कर्ताच नसलेल्या दिग्दर्शकाला तिचा आधार घेणे अवघड जाते.

फ्रान्समध्ये, म्हणजे जेथे ‘ऑतर’ची कल्पना जन्मली तेथे, कायदा पटकथाकार, संवादलेखक, चित्रपटासाठी संगीत रचणारा संगीतकार आणि दिग्दर्शक या सर्वांना सहकर्ते मानतो. म्हणजे तेथील समीक्षेने दिग्दर्शकाला एकट्याला उचलून धरले असले, तरी कायद्याने श्रेय वाटून दिले. आपल्याकडे समीक्षक आणि प्रेक्षक दिग्दर्शकाला ‘ऑतर’ म्हणतात आणि कायदा त्याला त्याच्या चित्रपटाचा शेवट राखण्याइतकाही हक्क स्पष्टपणे देत नाही.

मग निष्कर्ष काय?

सामाजिक विषयावर उपहास केला म्हणून दिग्दर्शक ‘ऑतर’ ठरत नाही. विषय कोणालाही निवडता येतो आणि विनोद लेखकाचाही असू शकतो. तपासायचे असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. उपहास फक्त बोलण्यात आहे की मांडणीतही? विषय बदलला तरी तोच हात ओळखू येतो का? आणि चित्रपट कोणाला सोडून देतो? पहिल्या दोन प्रश्नांवरून दिग्दर्शकाची सही कळते. तिसऱ्यावरून उपहासाची धार कळते, कारण जो चित्रपट प्रेक्षकाला सोडून बाकी सगळ्यांना दोषी ठरवतो, त्याच्यावर हसणे फार सोपे असते.

‘रांझणा’चा बदललेला शेवट म्हणूनच केवळ एका प्रेमकथेपुरता राहत नाही. कायदा आहे तसा राहिला, तर उद्या एखाद्या उपहासपटाच्या हक्कधारकालाही तो अधिक ‘सुखद’ करावासा वाटू शकेल. त्यासाठी आता नटांना बोलवावे लागत नाही आणि पुन्हा चित्रीकरणही करावे लागत नाही. जब्याने उचललेला दगड हातातून सुटलाच नाही किंवा ‘कोर्ट’मधल्या न्यायाधीशाने त्या मुलाला जवळ घेतले, एवढे केले तरी पुरे. बाकी चित्रपट, त्यातले सारे विनोद आणि सामाजिक विषय, जसाच्या तसा राहील. त्या आवृत्तीच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नागराज मंजुळे किंवा चैतन्य ताम्हाणे हेच नाव झळकेल आणि ते काढून टाका, असे म्हणण्याचा तरी हक्क त्यांना आहे की नाही, हे न्यायालयात भांडून ठरवावे लागेल.